उजवीकडून वाचा: इंदूरच्या एपीएल वर्गाच्या नोंदी

२९ डिसेंबर २०२४, रविवार

ठरलं एकदाचं, एपीएल शिकवायचं, म्हणजे खुणांनी लिहायची प्रोग्रॅमिंगची भाषा. जानेवारीपासून दर रविवारी सकाळी साडेनऊ ते अकरा, राजेंद्र नगरला आमच्या घरी खालच्या खोलीत. जण पाच: आईची मैत्रीण म्हणजे मावशी (शाळेत गणित शिकवून रिटायर), शेजारचे काका (बँकेतून रिटायर, ऐंशीला आलेत), मागच्या गल्लीतल्या वहिनी ज्या डबे देतात, त्यांची बीकॉमला असलेली भाची, आणि एक इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा. मुलगा सोडला तर कुणी आयुष्यात प्रोग्रॅम लिहिलेला नाही.

मी ही भाषा सहा वर्षं वापरतोय आणि अजून कुणाला नीट शिकवता आलेली नाही, मित्रांना दाखवली की ते म्हणतात ही काय भाषा आहे का, नुसत्या खुणा आहेत. पण ज्या हिशोबाला दुसरीकडे वीस ओळी लागतात तो इथे बोटभर ओळीत बसतो आणि ती ओळ पूर्ण डोळ्यासमोर राहते, हे सुख माझ्या ओळखीच्या माणसांना मिळावं असं मनापासून वाटतं.

इन्स्टॉल वगैरे काही करायचं नाही, ट्रायएपीएल ही वेबसाइट ब्राउझरमध्ये उघडायची, तिथेच एपीएल चालतं, वरच्या पट्टीवरच्या चिन्हांवर क्लिक करायचं. पुढे कुणाला हवं असेल तर डायालॉग, म्हणजे एपीएलचं पूर्ण सॉफ्टवेअर, धंद्यासाठी नसलेल्या वापराला फुकट मिळतं. दोन लॅपटॉप, बाकीचे फोनवर. आज रात्री बसून ४२ चिन्हांचा तक्ता केला, प्रत्येकाचे दोन दोन अर्थ, एका बाजूला आकडा असेल तर वेगळा आणि दोन्ही बाजूंना असेल तर वेगळा. दोन पानं झाली.

५ जानेवारी, रविवार

नीट गेलं नाही.

तक्ता वाटला आणि सगळ्यांचे चेहरे पडले. वहिनी तर म्हणाल्या, "भाऊजी, हे पाठ करायचंय का?" मी नाही म्हणालो, पण पुढचा पाऊण तास मी एकेक चिन्ह समजावतच होतो, म्हणजे पाठच करायला लावत होतो की. मग उरलेल्या वेळात पहिली ओळ टाकली:

      3×2+1
9

मावशींनी सात सांगितलं होतं. बीकॉमवालीनेही सात. मी म्हणालो इथे उजवीकडून डावीकडे चालतं, आधी दोन अधिक एक, मग त्याला तीनने गुणायचं. मावशी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "अरे मी तीस वर्षं पोरांना कंचेभागुबेव शिकवलं, आणि तू सांगतोस ते सगळं चूक?" मी म्हटलं चूक नाही, पण इथे त्यातला फक्त कंस उरतो, बाकी सगळ्यांना एकच मान. हे का, तर एपीएलमध्ये नुसतं अधिक उणे नाही, चिन्हं साठाच्या वर आहेत, आणि साठ चिन्हांची उतरंड कुणाच्या लक्षात राहणार, म्हणून ही भाषा काढणाऱ्या आयव्हरसननी ती उतरंडच काढून टाकली. काकांना हे पटलं. मावशींना पटलं नाही असं दिसत होतं.

इंजिनियरिंगवाल्याने एकच विचारलं, लूप, म्हणजे तेच काम फेऱ्या घालून परत परत करायची सूचना, कुठे लिहायचा. उत्तर नीट देता आलं नाही.

६ जानेवारी

कालचं डोक्यातून जात नाहीये. तक्ता फाडून टाकला. पहिल्या तासाला जास्तीत जास्त नऊ चिन्हं: + - × ÷ = > आणि / ≢ ←. यातली पहिली सहा तर शाळेतलीच, म्हणजे नवीन तीनच. दुसरा अर्थ सांगायचाच नाही, तो ज्या दिवशी लागेल त्या दिवशी.

आणि मी दर वेळी बोलताना "प्लस रिड्यूस" "आयोटा" अशी चिन्हांची इंग्रजी नावं घेत होतो, ते बंद.

१२ जानेवारी, रविवार

आजचं सविस्तर लिहून ठेवतो कारण यावरून सगळंच बदलणार आहे.

फळ्यावर (खरं तर कपाटाच्या दाराला चिकटवलेल्या कागदावर) हे लिहिलं:

      10×+/3 4 5
120

आणि म्हटलं हे कुणी मोठ्याने वाचा. बीकॉमवाली डावीकडून वाचायला लागली, "दहा गुणिले अधिक..." आणि अडकली, कारण गुणिले अधिक असं काही नसतंच. मग मावशींनी चष्मा लावला आणि उजव्या टोकाला बोट ठेवून सरळ वाचत गेल्या: "तीन चार पाच, यांची बेरीज कर, दहाने गूण."

मी तिथेच थांबलो. हे नुसतं वाचन नव्हतं, हे चांगलं मराठी वाक्य होतं. आपण बोलतानाच आधी वस्तू घेतो आणि काय करायचं ते शेवटी सांगतो. कांदा घे, बारीक चीर, तेलात टाक. क्रियापद शेवटी. इंग्रजीत "सम ऑफ" आधी येतं म्हणून एपीएलची ओळ त्यांना डावीकडून वाचायला बरी जाते आणि चालवायला मात्र उजवीकडून जावं लागतं, त्या दोन दिशांच्या ओढाताणीत नवखा माणूस दमतो. मराठीत वाचायची आणि चालायची दिशा एकच होते! सहा वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं कारण मी ही भाषा इंग्रजीतूनच शिकलो आणि मनात इंग्रजीतूनच वाचत होतो.

लगेच मागच्या आठवड्यातली ओळ परत लिहिली, 3×2+1. मावशींनी बोट ठेवलं: "एक, त्यात दोन मिळव, तीनने गूण. नऊ." आणि मग स्वतःच म्हणाल्या, हां, मग यात कंचेभागुबेव मोडत नाहीये, हे वाक्यच वेगळं आहे.

पुढचा तासभर नुसतं वाचलं. वाचून उत्तर सांगेपर्यंत कुणी कीबोर्डला हात लावला नाही. एकेकाने ओळ लिहायची, दुसऱ्याने बोट ठेवून उजवीकडून वाचायची, मग उत्तर सांगायचं, मग तिसऱ्याने मशीनवर टाकून बघायचं. दोन्हीकडे आकडे असले की जरा लंगडतं, म्हणजे 10-3 ला "तीन, वजा कर, दहातून" असं म्हणावं लागतं, पण तसं आपण बोलतोच की, वजा कर दहातून. काकांनी तर दोन वेळा ऐकून लय पकडली.

आयव्हरसननी हार्वर्डला शिकवताना ही खुणांची पद्धत मुळात माणसांसाठीच काढली होती, फळ्यावर लिहायला आणि वाचायला. १९६२ ला पुस्तक आलं आणि आयबीएमच्या मशीनसमोर बसून ती चालवायला १९६६ उजाडलं. म्हणजे मशीन नंतर, वाचन आधी. आमचा वर्ग आज त्याच क्रमाने गेला.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत, तिळगूळ द्यायला मावशींकडे गेलो तर त्यांनी वहीत चिन्हांना मराठी नावं देऊन ठेवलेली. बसून दीड तास त्यावरच गेला. मी चिन्ह काय करतं ते सांगायचो, त्या म्हणायच्या मग असं म्हण. ठरलेली नावं:

+/ ला "आडवी बेरीज". ≢ ला "किती". ⌈/ ला "सगळ्यात मोठा", ⌊/ ला "सगळ्यात छोटा". ⌽ "उलट". ⍳ ला "पर्यंत मोज", म्हणजे ⍳5 हे "पाच, पर्यंत मोज" आणि उत्तर एक ते पाच. ← ला "ठेव". ⍝ या खुणेने शेरा लिहितात, इंग्रजीत तिला लॅम्प म्हणतात कारण ती ओळीवर उजेड पाडते, तर ती सरळ "दिवा".

सगळ्यात छान जमलं ते वजाचं. एपीएलमध्ये ऋण संख्येची खूण वेगळी आहे, वर चिकटलेली बारीक रेघ, आणि वजाबाकीची वेगळी:

      3-5
¯2

नवख्याला हे नेहमी खटकतं, दोन रेघा कशाला. मावशी म्हणाल्या, "अरे आपल्याकडे शब्दच दोन आहेत. ही वजा, आणि ही उणे. तीनातून पाच वजा केले, उणे दोन आले." संपलं. एक काम, एक आकड्याचा भाग. मला हे समजावायला इतके दिवस दहा मिनिटं लागायची.

१९ जानेवारी, रविवार

आजपासून आपापले आकडे. वहिनींनी मागच्या आठवड्यातले डबे आणले, रोज किती गेले ते. आकड्यांच्या यादीला नाव द्यायला इंग्रजी अक्षरं लागतात, देवनागरी नाव डायालॉग घेत नाही, पण ∆ हे नाव म्हणून चालतं, मग सगळ्यांनी तेच घेतलं. त्रिकोण म्हणजे आपली वही.

      ∆←12 15 14 0 13 16 14
      +/∆
84
      ≢∆
7

गुरुवारी खाडा होता म्हणून शून्य. आता सरासरी. मी मनात (+/∆)÷≢∆ ठेवून बसलो होतो आणि कंस शिकवायची तयारी करून आलो होतो. वहिनींनी कंस न लावता लिहिलं:

      +/∆÷≢∆
12

उत्तर बरोबर! मी चुकीचं म्हणणार होतो, तोंडापर्यंत आलं होतं, पण आधी वाचा म्हटलं. "∆ किती, सात. त्याने ∆ ला भाग. आडवी बेरीज." म्हणजे त्यांनी रोजच्या डब्यांना आधी सातने भागलं आणि मग सगळे तुकडे मिळवले, आणि मी आधी मिळवून मग भागणार होतो. दोन्ही बरोबर, रस्ते दोन. इंजिनियरिंगवाला इथे पहिल्यांदा पुढे सरकून बसला. त्याला त्याच्या लूपचं उत्तर पण इथेच मिळालं, सातही आकड्यांना भागायला सात फेऱ्या कुणी लिहिल्याच नाहीत, ∆ म्हटलं की सगळे आकडे एकदम आले.

मग वहिनी म्हणाल्या पण खाड्याचा दिवस धरायचा नाही, त्या दिवशी चूलच पेटली नाही. खरंय. ∆>0 लिहिलं तर आलं 1 1 1 0 1 1 1. होय-नाहीचं उत्तर पण आकड्यातच येतं, मग त्याची बेरीज केली की चालू दिवस:

      (+/∆)÷+/∆>0
14

बारा आणि चौदा यात वहिनींचा अख्खा धंदा बदलतो, त्या म्हणाल्या मी तर भाजी बाराच्या हिशोबाने आणत होते आणि रोज कमी पडायची.

आज मला एक गोष्ट कायमची शिकायला मिळाली, उत्तर बघून बरोबर-चूक ठरवायचं नाही, आधी वाचून घ्यायचं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनामुळे तासभरच. तरी पाढे झाले.

      (⍳10)∘.×⍳10

एवढ्या ओळीत एक ते दहाचे पाढे चौकटीत समोर. ∘.× ला नाव "पाढे", वेगळं काही शोधावं लागलं नाही. सगळे खूश, पण काका म्हणाले हे तर पोरांचं, आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असायची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, बीकॉमवालीने शब्दच पहिल्यांदा ऐकला. मी काकांच्या हातात लॅपटॉप दिला आणि म्हटलं तुम्हीच टाका. एकेका बोटाने, पाच मिनिटं लागली, कुणी मध्ये बोललं नाही:

      (⍳10)∘.×0.25 0.5 0.75 1.25 1.5 2.5 3.5

दहा ओळी, सात उभे रकाने. काका सातव्या ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले, सात पाव पावणेदोन, सात निम साडेतीन, सात दिडं साडेदहा, सात औट साडेचोवीस, आणि पडद्यावर 1.75, 3.5, 10.5, 24.5 अगदी तसंच. त्यांचा आवाज भरून आला होता. पंचाहत्तर वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांनी रामबागेतल्या घरी रोज संध्याकाळी म्हणवून घेतलेलं, म्हणाले.

मग सगळे वर पोहे खायला गेलो, जिरावण घालून, आणि काका तिथेही औटकी म्हणत होते.

२ फेब्रुवारी, रविवार

आजची चूक महत्त्वाची. चौकट शिकवली, ⍴, नाव "मांड". वहिनींची तीन गिऱ्हाइकं, सोमवार ते शनिवार, डबा गेला तर 1, खाडा असेल तर 0.

      ∆←3 6⍴1 1 0 1 1 1 1 1 1 1 1 1 0 1 1 0 1 1
      +/∆
5 6 4
      +⌿∆
2 3 2 2 3 3

आडवी बेरीज म्हणजे गिऱ्हाइकाप्रमाणे डबे, +⌿ म्हणजे उभी बेरीज, दिवसाप्रमाणे डबे. चिन्हातच आडवी रेघ घातलेली आहे पण ती उभ्या बेरजेची, यावर दोघी गोंधळल्या. बीकॉमवालीने उपाय काढला, ती रेघ म्हणजे बेरजेच्या आधी आपण वहीत खाली मारतो ती रेघ. उत्तम. 80×+/∆ केलं की 400 480 320, तिघांची बिलं तयार.

मग वहिनींनी घरी स्वतः परत टाकून बघितलं आणि दुपारी फोन आला, भाऊजी, तिसऱ्याचं बिल ४०० येतंय. स्क्रीनचा फोटो मागवला. तिसऱ्या गिऱ्हाइकाचं पहिलं शून्य टाकायचं राहिलं होतं, म्हणजे अठराच्या जागी सतराच आकडे, आणि एपीएलने काही तक्रार केली नाही. ⍴ ला आकडे कमी पडले की ते परत सुरुवातीपासून घेतं, त्यामुळे यादीतला पहिला 1 गुपचूप शेवटच्या जागी जाऊन बसला आणि आधीचे सगळे एकेक घर सरकले. त्या माणसाला न खाल्लेल्या डब्याचे ऐंशी रुपये लागले असते.

हे मला आधीच सांगायला हवं होतं. आता वर्गात वाटायच्या पानावर ठळक लिहिलंय: मांडण्याआधी मोजा. यादी आधी ⍙ मध्ये ठेवायची (हे पण नाव म्हणून चालतं), मग ≢⍙, अठरा आले तरच 3 6⍴⍙. वहिनींना हे लगेच पटलं, डबे भरायच्या आधी ओट्यावर मांडून त्या मोजतातच.

-/ ची सूचना पण त्याच्याच खाली टाकली. -/10 3 2 म्हणजे दहातून तीन आणि दोन गेले, पाच उरले असं वाटतं, येतात नऊ, कारण उजवीकडून आधी तीनातून दोन जातात आणि उरलेला एक दहातून. पाच हवेत तर 10-+/3 2.

५ फेब्रुवारी

बीकॉमवालीचा मेसेज, "दादा काहीच चालत नाहीये, 2+3 ला पण एरर." फोनचा कीबोर्ड मराठीवर होता, ती २+३ टाकत होती. दिसायला काही वावगं नाही, आपल्याला तो दोनच दिसतो. एपीएलला देवनागरी आकडे कळत नाहीत. पानाच्या पहिल्याच ओळीत घातलं. लॅपटॉपवाल्यांसाठी त्याच्याखाली, बॅकटिक दाबून मग आयचं बटण दाबलं की ⍳ उमटतो, आरचं दाबलं की ⍴.

९ फेब्रुवारी, रविवार

⍋ घेतलं. मावशींनी तीन पोरांचे मार्क टाकले.

      ⍋30 10 20
2 3 1

मावशी म्हणाल्या पहिल्याचा नंबर दुसरा? त्याला तर सगळ्यात जास्त आहेत, चढत्या क्रमाने तो तिसरा हवा. इथे सगळे अडले आणि मीही घाई केली नाही. शेवटी तिघांना उभं केलं: काका ३०, वहिनी १०, इंजिनियरिंगवाला २०, याच क्रमाने. मग म्हटलं, कमी मार्कवाल्यापासून एकेकाला हाक मारा, पण नावाने नाही, कितव्या जागी उभा आहे त्या आकड्याने. दोन! (वहिनी पुढे आल्या.) तीन! एक! तेच की, २ ३ १. तर ⍋ म्हणजे नंबर लावणं नाही, ⍋ म्हणजे हाक मारायचा क्रम. नाव पडलं "हाका".

मग मुलाने विचारलं नंबर हवे असतील तर. म्हटलं त्याच्याच डोक्यावर अजून एक ⍋ ठेव.

      ⍋⍋30 10 20
3 1 2

काका तिसरे, वहिनी पहिल्या, तो दुसरा. का होतं हे घरी विचार करून या म्हटलं, सांगितलं नाही. संध्याकाळी त्याचा भला मोठा मेसेज, बरोबर सोडवलं होतं, कागदावर बाण काढून.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज दोन नवीन बायका आल्या, वहिनींच्या ओळखीच्या, एकीचं शिवणकाम आहे, दुसरी शिकवण्या घेते. मी शिकवलं नाही, वहिनींना शिकवायला सांगितलं आणि मागे बसून लिहीत राहिलो.

त्यांनी तक्ता काढला नाही, आयव्हरसन नाही, काही नाही. शिवणवालीला विचारलं या आठवड्यात किती ब्लाउज झाले रोज. तिने सांगितलेले आकडे टाकले, ∆ मध्ये ठेवले, आणि +/∆ लिहून तिचं बोट धरून उजव्या टोकाला नेलं. "इथून वाच. ∆, आडवी बेरीज." नवीन बाईने वाचलं. मग 150×+/∆. "∆, आडवी बेरीज, दीडशेने गूण." हे तिने स्वतःच वाचलं, कुणी सांगितलं नाही. घड्याळ बघितलं होतं, अकरा मिनिटं. पाच जानेवारीला माझा पाऊण तास चिन्हांतच गेला होता.

शिकवणीवाली मात्र 3×2+1 ला सातच म्हणत राहिली. तिच्याजवळ मावशी जाऊन बसल्या.

पान आता एकच उरलंय, दोन्ही बाजूंना छापलेलं, पुढे नऊ चिन्हं मराठी नावांसकट, मागे सात ओळी वाचायला आणि दोन सूचना. कंसातली ओळ मोठ्याने कशी वाचायची ते अजून बसलेलं नाही, मावशी "आधी पोटातलं" म्हणतात, मुलगा "कंस उघड, कंस बंद" म्हणतो, मला मावशींचं आवडतं पण दोन कंस आले की गडबडतं. पुढच्या रविवारी ⍉ घ्यायचंय, गिऱ्हाइकं उभी आणि दिवस आडवे करायचे, वहिनींना महिन्याची वही तशी हवी आहे. वीस प्रती काढायला टाकल्यात, गुरुवारी मिळतील.